मोफत औषधाच्या निमंत्रणात न सांगितलेली गोष्ट

मधुमेहावरील नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी मोबाइलवरून रुग्ण कसे गोळा केले जातात, याविषयी या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे संक्षिप्त करून देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगतो. एका रुग्णालयाच्या, औषधचाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीत ‘सामान्य नागरिक’ या जागेवर सहा वर्षे बसून औषधचाचण्यांची मराठी संमतीपत्रे शब्दन्‌शब्द वाचण्याचे काम मी केले आहे. त्या अनुभवाच्या आणि सध्याच्या नियमांच्या आधारे ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : माझे सासरे ६३ वर्षांचे असून एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेहींच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांना संदेश आला, की ज्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेसात टक्क्यांच्या वर आहे त्यांना सहा महिने नवे औषध आणि सर्व तपासण्या मोफत मिळतील, प्रवासखर्चही मिळेल, जागा मर्यादित आहेत. त्यांनी दुव्यावरील फॉर्म भरला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही पाठवला. दोन दिवसांनी एका ‘आरोग्य समन्वयक’ बाईंचा फोन आला. चालू असलेल्या दोन गोळ्यांपैकी एक बंद करून पंधरा दिवसांनी उपाशीपोटी पुण्याला या, असे त्यांनी सांगितले. तेथे पोहोचल्यावर वीसेक पानांचे कागद पुढे आले, आणि ही नव्या औषधाची चाचणी आहे हे आम्हांला प्रथमच कळले. त्या दिवशी त्यांची उपाशीपोटीची साखर २४० भरली. मी सही करू दिली नाही आणि त्यांना परत आणले. माझ्यामुळे चांगली संधी गेली, असे त्यांना वाटते. आमचे चुकले का? — एक वाचक, मिरज

उत्तर : प्रथम औषधाविषयी. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायची का आणि किती मात्रेत, हे सासऱ्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारा. गेल्या पंधरवड्यातील साखरेच्या नोंदी सोबत न्या आणि गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद केली तेही न संकोचता सांगा. पुष्कळ रुग्ण डॉक्टर रागावतील म्हणून ही गोष्ट लपवतात आणि मग डॉक्टर चुकीच्या समजुतीने औषधाची मात्रा वाढवतात.

सही न करता परत आलात, यात तुमचे काहीही चुकलेले नाही. मोबाइलवरील फॉर्म भरल्याने चाचणीत जाण्याचे कोणतेही बंधन निर्माण होत नाही. सही केल्यानंतरही, चाचणीच्या कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क सहभागी व्यक्तीला असतो.

भारतात नव्या औषधांच्या चाचण्या ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९’ यांखाली चालतात. चाचणीला दोन ठिकाणांहून परवानगी लागते. एक, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे भारताच्या औषध महानियंत्रकांचे कार्यालय. दुसरी, जेथे चाचणी होणार तेथील नोंदणीकृत नीतिशास्त्र समिती. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार आणि एक स्त्री सदस्य आवश्यक असते, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि निम्मे तरी सदस्य संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात. रुग्ण कसे मिळवणार, त्यासाठी कोणती जाहिरात देणार आणि तिचा मजकूर काय असणार, हे समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यायचे असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा चार ओळींचा संदेश हीही जाहिरातच आहे.

तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट मोफत औषधाचे आमिष ही नसून फोनवरून बंद करवलेली गोळी ही आहे. मधुमेहाच्या चाचण्यांमध्ये काही वेळा जुन्या औषधाचा परिणाम शरीरातून निघून जावा म्हणून ते काही दिवस थांबवले जाते. शास्त्रीय दृष्टीने त्याला कारण असते आणि योग्य देखरेखीखाली ते करताही येते. परंतु हे थांबवणे स्वतःच चाचणीचा एक भाग असल्यामुळे संमतीपत्रावर सही होण्यापूर्वी ते करता येत नाही. सही आधी, मग गोळीला हात, हा क्रम चुकला की पुढची सही कितीही नीट घेतली तरी झालेला दोष भरून निघत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत पंधरा दिवस साखर वाढत राहिली. त्या काळात त्यांना काही झाले असते तर कागदोपत्री ते कोणत्याच चाचणीचे सहभागी नव्हते, म्हणजे मोफत उपचाराची किंवा भरपाईची मागणी करायला त्यांच्या हाती एकही कागद नव्हता. उपाशीपोटी बोलावून केलेली रक्ततपासणीसुद्धा, ती केवळ चाचणीसाठी असेल तर, संमतीनंतरच व्हायला हवी होती.

चाचणी हा शब्द मुद्दाम का वगळला जातो, असा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नसला तरी तुमच्या पत्रात तो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. म्हणजे रुग्णांचा तुटवडा नाही. परंतु चाचणीला ‘कोणताही मधुमेही’ चालत नाही. वय ठरावीक मर्यादेत, सरासरी साखर अमुक ते अमुक, मूत्रपिंडाचे काम पुरेसे चांगले, अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला नाही, इन्सुलिन सुरू नाही, अशा अटींच्या चाळणीतून मोजकेच लोक उरतात. त्यातच चाचण्यांचा आकार वाढला आहे. रोझिग्लिटाझोन या गोळीमुळे हृदयविकाराचा धोका वाढत असावा, अशी शंका २००७ मध्ये पुढे आली. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधुमेहाच्या नव्या औषधांनी हृदयाला अपाय होत नाही याचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. त्या पुराव्यासाठी झालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या एका चाचणीत ७,०२० आणि लिराग्लुटाइडच्या चाचणीत ९,३४० रुग्ण होते. आता सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतचीच असल्यामुळे अनेक देशी कंपन्यांनी आपापल्या उत्पादनाच्या चाचण्या केल्या. ठरलेल्या मुदतीत रुग्णसंख्या भरली नाही तर चाचणी लांबते आणि खर्च वाढतो. म्हणून भरतीचे काम बाहेरच्या मंडळींकडे दिले जाते. ही मंडळी मिळालेल्या नावांच्या संख्येवर पैसे घेत असतील, तर ‘चाचणी’ हा शब्द उच्चारल्यावर निम्मे लोक फोन ठेवतील या भीतीने तो शब्दच गाळतात.

आमच्या समितीपुढे एकदा अशाच जाहिरातीचा मसुदा आला होता. ‘मधुमेहावर नवीन उपचार, मोफत’ असे त्याचे शीर्षक होते. मी विचारले, की उपचार म्हणजे ज्याचा गुण येतो हे ठरलेले आहे अशी गोष्ट. या औषधाचा गुण येतो हे आधीच ठरले असेल तर चाचणी कशासाठी करायची? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ‘ज्याची परिणामकारकता व सुरक्षितता अजून तपासली जात आहे असे औषध’ हे शब्द आले आणि ‘मोफत’ हा शब्द मथळ्यातून खाली मजकुरात गेला. रुग्ण कमी मिळतील, अशी संशोधक डॉक्टरांची तक्रार होती. ती खरीही असेल. परंतु जे आले ते काय आहे हे समजून आले, आणि अर्ध्यावर सोडून जाणारे त्यांच्यात फारसे नव्हते, असे त्याच डॉक्टरांनी पुढच्या अहवालात नोंदवले.

‘शेवटी कागदांत सगळे लिहिलेले होतेच ना, सही तर तेव्हाच मागितली,’ असे समर्थन तुम्हांला ऐकायला मिळेल. कायद्याच्या अक्षरापुरते त्यात तथ्य आहे. पण मिरजेहून पहाटेची गाडी पकडून उपाशीपोटी पुण्याला पोहोचलेला, पंधरा दिवस गोळी सोडलेला, मोफत औषध मिळणार असे घरी आणि शेजारी सांगून आलेला माणूस वीस पानांच्या कागदापुढे बसतो, तेव्हा त्याच्या मनाने होकार आधीच दिलेला असतो. ‘नाही’ म्हणण्यासाठी त्याला आतापर्यंतचा सगळा खटाटोप वाया घालवावा लागतो आणि समोरच्या डॉक्टरांना नाराज करावे लागते, जे आपल्याकडची वडीलधारी माणसे सहसा करत नाहीत. संमतीची सुरुवात सहीच्या टेबलावर होत नाही. ती पहिल्या संदेशापासून होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णभरतीविषयीच्या मार्गदर्शनात जाहिरातीला संमतीप्रक्रियेचा आरंभ मानले आहे, ते याच कारणाने. पहिला संदेशच अर्धवट असेल, तर पुढचे प्रत्येक पाऊल त्या अर्धवट माहितीवर पडते.

‘संधी गेली’ या सासऱ्यांच्या हळहळीकडे दुर्लक्ष करू नका. चाचणीलाच उपचार समजण्याची ही चूक सुशिक्षितांकडूनही होते. त्यांना शांतपणे सांगा, की उपचारात डॉक्टर फक्त आपल्यासाठी काय बरे याचा विचार करून औषध ठरवतात. चाचणीत औषध कोणाला मिळावे हे बहुधा संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतो, कारण तेथे उत्तर शोधायचे असते ते पुढच्या हजारो रुग्णांसाठी. रागाग्लिटाझार हे मधुमेहाचे औषध हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधले गेले आणि डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने ते माणसांवरील चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेले. २००२ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याने त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध माणसांच्या पोटात जात असताना प्राण्यांवरील अभ्यास अजून पुरे व्हायचे असू शकतात, ही गोष्ट चाचणीत जाणाऱ्याला आधीपासून ठाऊक असली पाहिजे. ते माहीत असूनही जो जाईल, त्याच्याविषयी मला आदरच आहे.

तक्रार करायची असेल तर ज्या केंद्रात गेलात तेथील नीतिशास्त्र समितीच्या सदस्य सचिवांना पत्र लिहा. त्यांचे नाव व दूरध्वनी रुग्ण माहितीपत्रकात असतात. त्या पत्राची प्रत केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मुंबई येथील पश्चिम विभागीय कार्यालयाला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरील मूळ संदेश, भरलेला फॉर्म, फोनची तारीख व वेळ आणि साखरेच्या नोंदी जपून ठेवा. फॉर्ममध्ये दिलेली वैद्यकीय माहिती व चिठ्ठीचा फोटो पुसून टाकावा, अशी लेखी मागणीही त्याच पत्रात करा. माहिती कोणाकोणाला दिली गेली, हेही विचारा, कारण एकदा तयार झालेली ‘साडेसातच्या वरच्यांची यादी’ पुढच्या चाचणीच्या भरतीसाठीही वापरली जाऊ शकते.

प्रश्न : मी नाशिकमध्ये मधुमेही व त्यांच्या कुटुंबीयांसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप गट चालवते. आहार, चालणे, पायांची काळजी यांवर आम्ही बोलतो. सातशेच्या आसपास सदस्य आहेत. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी चाचणीचा संदेश गटावर टाकण्याची विनंती केली आणि पात्र ठरणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे मला ठरावीक रक्कम देऊ केली. संदेश ‘माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून कळले’ अशा शब्दांत माझ्या नावाने टाकावा, अशी त्यांची अट होती. मी नकार दिला. पण खरोखर चांगली चाचणी असेल तर सदस्यांना कळवूच नये का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही नकार दिलात ते अगदी योग्य केले. त्या गृहस्थांना तुमच्या गटातील सातशे क्रमांक हवे होते, आणि त्याहून अधिक हवा होता तुमच्यावरचा विश्वास. चपला कोणत्या घालाव्यात हे ज्या ताईंना विचारले, त्या ताईंनीच औषधाचेही सांगितले, असे सदस्यांना वाटावे एवढ्यासाठी ‘ओळखीच्या डॉक्टरांकडून कळले’ हे वाक्य तुमच्या तोंडी घालायचे होते. ते वाक्य खोटे होते आणि त्यामागचे पैसे लपलेले होते.

पैसे घेऊन केलेली शिफारस उघड सांगितली पाहिजे, हे तत्त्व आता आपल्याकडे कायद्यानेही स्वीकारलेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार शिफारस करणारी व्यक्ती आणि जाहिरातदार यांच्यात आर्थिक संबंध असल्यास तो सांगणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोग्यविषयक बोलणाऱ्या प्रभावशाली व्यक्तींसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी सूचना निघाल्या. चाचणीची रुग्णभरती ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने ‘जाहिरात’ ठरते का, यावर वकील वाद घालू शकतील. तो वाद निकाली निघण्याची वाट तुम्ही पाहावी, असे मला वाटत नाही. कारण येथे विकली जाणारी वस्तू साबण नाही, औषध आहे, आणि तेही अजून मंजूर न झालेले. डॉक्टरांच्या बाबतीत नियम अधिक स्पष्ट आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे वा देणे निषिद्ध आहे, आणि कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या संशोधनात सहभागी होणाऱ्या डॉक्टरांनी तो निधी कोठून येतो हे आरंभीच जाहीर केले पाहिजे.

सदस्यांना कळवूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. मराठी माणसाला चाचण्यांची खबर फक्त दलालाकडूनच मिळावी, ही स्थिती चांगली नाही. मोबाइलवरून निमंत्रण देण्यातही गैर काही नाही. नाशिकच्या खेड्यातल्या रुग्णापर्यंत दुसरे काय पोहोचणार? संदेश नीतिशास्त्र समितीने मंजूर केलेला आहे, असे लेखी दाखवले गेले तर तो शब्द न बदलता, ज्यांचा आहे त्यांच्या नावाने टाकावा. मला स्वतःला पटेल असा संदेश साधारण असा असेल : ‘अमुक रुग्णालयात टाइप-२ मधुमेहावरील एका प्रायोगिक औषधाची चाचणी सुरू आहे. हे संशोधन आहे, नेहमीचा उपचार नव्हे. काही सहभागींना प्रायोगिक औषध मिळेल आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळेल; कोणाला काय, हे संगणक ठरवील. चाचणीचा खर्च अमुक कंपनी करते. नोंदणी क्रमांक अमुक. आपली चालू औषधे या संदेशावरून बंद करू नयेत. अधिक माहितीसाठी रुग्णालयातील अमुक डॉक्टरांशी बोलावे. हा संदेश टाकण्याबद्दल गटचालकांना कोणताही मोबदला मिळालेला नाही.’ एवढा मजकूर मोबाइलच्या एका पडद्यावर मावतो. जागा नव्हती, ही सबब कोणालाही सांगता येणार नाही.

गटावर चाचणीसंबंधी विचारणा करणाऱ्या सदस्यांना एक सूचना अवश्य द्या : आपली सरासरी साखर, वजन, औषधे यांचे आकडे गटावर लिहू नयेत. भरती करणारी माणसे स्वतःही रुग्ण असल्याचे भासवून अशा गटांत येऊ शकतात आणि कोणाचे आकडे अटींत बसतात हे वाचून त्यांना वैयक्तिक संदेश पाठवू शकतात. गटात नवी व्यक्ती आल्यावर ‘आपण कोणत्याही औषध कंपनीशी किंवा संशोधन संस्थेशी संबंधित आहात का?’ हा एक प्रश्न विचारण्याचा नियम तुम्ही करू शकता.

प्रश्न : मी सात महिन्यांपासून एका चाचणीत आहे. मला सुरुवातीलाच सगळे नीट समजावून सांगितले होते, संमतीपत्राची प्रतही दिली आहे, त्यामुळे फसवणुकीची तक्रार नाही. पण मला औषध मिळते आहे की साधी, औषध नसलेली गोळी, हे कळत नसल्याने मन अस्वस्थ होते. मध्येच सोडले तर चालेल का? आणि चाचणी संपल्यावर हेच औषध मिळत राहील का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या केंद्राने जे केले तेच सर्वत्र व्हायला हवे. माहितीपत्रक आणि सही केलेले संमतीपत्र यांची प्रत सहभागीच्या हाती दिली पाहिजे, असे २०१९च्या नियमांतच आहे. नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील सहभागींची संमती दृक्‌श्राव्य माध्यमात नोंदवावी लागते. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून ही तरतूद पुढे आली.

सोडण्याचा हक्क तुम्हांला आहेच. फक्त गोळ्या परस्पर बंद करू नका. केंद्रावर जाऊन सांगा, शेवटची तपासणी करून घ्या आणि पुढील औषधयोजना लिहून घ्या, म्हणजे मध्ये खंड पडून साखर वाढणार नाही. साध्या गोळीविषयी सांगायचे तर मधुमेहाच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये मेटफॉर्मिनसारखे नेहमीचे औषध सर्वांनाच चालू ठेवतात आणि त्याच्या जोडीला प्रायोगिक किंवा साधी गोळी देतात. साखर एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर पूरक औषध सुरू करण्याची तरतूदही असते. ती मर्यादा तुमच्या चाचणीत किती आहे, हे माहितीपत्रकात पाहा. तेथे नसेल तर डॉक्टरांना विचारा. कोणती गोळी मिळते हे ते सांगू शकणार नाहीत, कारण बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसते. मर्यादेचा आकडा मात्र सांगितलाच पाहिजे. एखादा गंभीर त्रास झाल्यास संशोधक डॉक्टरांनी चोवीस तासांत तो औषध महानियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि नीतिशास्त्र समिती यांना कळवायचा असतो. त्यावरील उपचार मोफत मिळायला हवेत, आणि तो त्रास चाचणीमुळे झाला असे ठरले तर नियमांतील सूत्रानुसार भरपाईही मिळते.

चाचणीनंतरच्या औषधाबद्दल फार आशा धरू नका. चाचणीनंतर प्रायोजकाने औषध मोफत पुरवण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती प्रामुख्याने ज्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नाही अशा आजारासाठी आहे. मधुमेहावर औषधांचे अनेक प्रकार बाजारात आहेत, त्यामुळे तुम्हांला ती लागू होण्याची शक्यता कमी आहे.

प्रश्न : फेसबुकवरील जाहिरातीवरून मी फोन केला. ही चाचणी आहे हे त्यांनी विचारल्यावर मान्य केले आणि नोंदणी क्रमांकही दिला. मुलीने तो संकेतस्थळावर शोधला. चाचणी खरी आहे, पण केंद्रांच्या यादीत पुणे, अहमदाबाद आणि हैदराबाद आहेत, गोव्याचे एकही नाही. मला मात्र म्हापशातील एका खासगी दवाखान्यात रक्त द्यायला बोलावले आहे. जावे का? — एक वाचक, बार्देश

उत्तर : तुम्ही आणि तुमच्या मुलीने जी तपासणी केली ती फार थोडे लोक करतात. भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचण्यांची नोंद तेथे करणे सक्तीचे झाले. ती कोणालाही मोफत पाहता येते. क्रमांकात वर्ष, महिना आणि त्यापुढे नोंदीचा आकडा असतो. त्या नोंदीत प्रायोजक कोण, चाचणी कितव्या टप्प्यातील आहे, कोणत्या रुग्णांना घेणार व कोणाला नाही, केंद्रे कोणती, प्रत्येक केंद्रावरील प्रमुख संशोधक कोण आणि कोणत्या नीतिशास्त्र समितीने मंजुरी दिली आहे, हे सगळे असते. नोंद म्हणजे परवानगी नव्हे, ही बाब लक्षात ठेवावी. म्हणून औषध महानियंत्रकांच्या मंजुरीचा रकानाही वाचा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘अजून जाऊ नका’ असे आहे. यादीत नसलेल्या ठिकाणी त्या चाचणीसाठी तपासणी करता येत नाही. एखाद्या केंद्राची स्वतःची नीतिशास्त्र समिती नसेल तर दुसऱ्या समितीची मंजुरी चालते, पण ती समिती त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतली असावी लागते. पुण्याच्या समितीच्या मंजुरीवर म्हापशात रक्त काढता येणार नाही. केंद्र नव्याने जोडले जात असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर गोव्यातील प्रमुख संशोधकाचे नाव आणि मंजुरी देणाऱ्या समितीचे नाव लेखी मागा, आणि पुण्याच्या केंद्रातील ज्या डॉक्टरांचा संपर्क नोंदीत दिलेला आहे त्यांना स्वतः फोन करून म्हापशातील दवाखान्याविषयी विचारा. त्यांना या दवाखान्याची माहितीच नसेल, तर जाहिरातीचा फोटो आणि फोन क्रमांक त्यांना व गोव्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाला पाठवा. तोपर्यंत चालू औषधे आहेत तशीच घेत राहा.